गोचीड चावली, चट्टा उठला, ताप आला: लाइमची शंका नागपुरात कशी तपासून घ्यायची

लाइम रोगाची शंका घेऊन नागपुरात डॉक्टरकडे जाणारी माणसं साधारण दोन तऱ्हेची असतात. काही जण मुलाकडे-मुलीकडे न्यू जर्सी, बॉस्टनला चार-सहा महिने राहून आलेले आईवडील. बाकीचे इथलेच. वावरातून, पेंचच्या जंगलातून नाहीतर घरच्या कुत्र्याच्या अंगावरून गोचीड चिकटली, आणि मोबाइलवर शोधताना 'लाइम' हा शब्द समोर आला. पहिल्यांना लाइम खरंच असू शकतो, पण इथे तो चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. दुसऱ्यांना लाइम असण्याची शक्यता फार कमी. त्यांना स्क्रब टायफस, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा ताप, मात्र असू शकतो, आणि तो अंगावर काढला तर दुसऱ्या आठवड्यात जिवावर बेततो.

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी ठिकाण, मग तारीख, मग अंगावरची खूण आणि सगळ्यात शेवटी रक्त. बहुतेक घोळ हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात. माणूस आधी लॅबमध्ये जातो, रिपोर्ट निगेटिव्ह आला की निर्धास्त होतो, आणि ज्या चट्ट्याकडे पाहून दोन मिनिटांत निदान झालं असतं तो चट्टा तोवर मावळून जातो.

ठिकाण: गेल्या काही महिन्यांत कुठे होतात?

लाइम हे अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचं नाव. 1975 च्या सुमारास त्या भागातल्या बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले, त्यावरून हा आजार लक्षात आला. 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर आणि सहकाऱ्यांनी गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू सापडल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांच्याच नावावरून त्याला बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणतात. हा जिवाणू इक्सोडीस वंशाच्या मोजक्या गोचिड्यांतूनच माणसाच्या अंगात शिरतो. डासातून, हवेतून किंवा एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागत नाही.

अमेरिकेत मेनपासून व्हर्जिनियापर्यंतची ईशान्येकडची राज्यं आणि विस्कॉन्सिन, मिनेसोटा ही लाइमची घरं. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे 4,76,000 लोकांवर लाइमचे उपचार होतात, आणि त्यातले बहुतेक याच पट्ट्यातले. मुलगा टेक्सास किंवा अॅरिझोनात असेल आणि तुम्ही तिथून कुठे हलला नसाल, तर शक्यता एकदम खाली येते. युरोपात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, स्वीडनचा दक्षिण भाग ध्यानात ठेवा.

भारतात हिमालयाच्या पट्ट्यातून, ईशान्येतून आणि दक्षिणेतल्या काही जंगली भागांतून लाइमच्या तुरळक नोंदी झाल्या आहेत. आपल्याकडे गाईम्हशींच्या कासेला, मानेखाली दिसणाऱ्या टपोऱ्या राखाडी गोचिड्या आणि कुत्र्याच्या कानातल्या तपकिरी गोचिड्या वेगळ्या वंशाच्या आहेत. त्या लाइम पसरवत नाहीत. त्या निरुपद्रवी आहेत असा याचा अर्थ मात्र घेऊ नका. कुत्र्याच्या तपकिरी गोचिडीतून माणसाला स्पॉटेड फीव्हर होतो, आणि विदर्भातल्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांमध्ये तो पाहिलेला आहे. तळहात-तळपायांवरही उठणारं पुरळ ही त्याची ओळखीची खूण.

गोचीड चिकटलेली सापडली, तर आत्ता काय करायचं

बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवया कोरायला वापरतात तसा. गोचिडीचं फुगलेलं पोट धरू नका. चिमटा कातडीला अगदी टेकवून तिच्या तोंडापाशी धरा आणि सरळ वर, एकसारख्या ताकदीने ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. तोंडाचा काळा तुकडा आत राहिलाच आणि सहज निघत नसेल, तर सुईने उकरत बसू नका. काही दिवसांत कातडी तो आपणच बाहेर टाकते. जागा साबणाने धुवा, स्पिरिट लावा.

रॉकेल, चुना, तंबाखू, टूथपेस्ट, पेटती काडी यांतलं काहीही लावायचं नाही. गोचीड त्याने सुटतेच असं नाही. उलट ती डिवचली जाते आणि पोटातला द्रव जखमेत ओकू शकते. नखाने चिरडायचीही नाही, कारण काही गोचिड्यांच्या अंगात माणसाला घातक विषाणू असतात आणि ते हाताच्या बारीक जखमेतून आत जातात.

काढलेली गोचीड छोट्या डबीत स्पिरिटमध्ये टाका आणि डबीवर तारीख लिहा. फोटो काढताना शेजारी तीळ किंवा खसखस ठेवा. ही गंमत वाटेल, पण माप त्यानेच कळतं. लाइम पसरवणारी पिल्लू अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, पूर्ण वाढलेली तिळाएवढी. वाटाण्यासारखी फुगलेली असेल तर ती बराच वेळ रक्त पीत होती असं समजा. जात ओळखून घ्यायची असेल, तर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या परजीवीशास्त्राच्या शिक्षकांना विचारून पाहा. त्यांचं रोजचं कामच हे आहे. गोचीड लॅबला पाठवून 'तिच्यात लाइम आहे का' हे तपासण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. गोचिडीत जिवाणू असला म्हणून तो तुमच्या अंगात आला असं होत नाही, आणि नसला तरी दुसरी एखादी चावून गेली असेल ते कळत नाही.

गोचीड किती वेळ चिकटून होती याला मोठं महत्त्व आहे. 24 तासांच्या आत काढली तर लाइमची शक्यता अगदी कमी असते, 36 तासांनंतर ती वाढत जाते. तुम्ही अमेरिकेतच असाल, गोचीड इक्सोडीस जातीची असेल, 36 तासांहून जास्त चिकटलेली असेल आणि काढून 72 तास उलटले नसतील, तर तिथले डॉक्टर डॉक्सीसायक्लिनचा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस देतात. चारही अटी जुळायला हव्यात. कळमेश्वरच्या बागेत चावलेल्या गोचिडीसाठी हा डोस घेण्यात अर्थ नाही.

तारखा: एका कागदावर लिहून काढा

डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग या कागदाचा होतो, म्हणून त्याला दहा मिनिटं द्या. नमुना असा:

14 जून: न्यू जर्सी, घरामागच्या अंगणातला वाळका पाला गोळा केला.
16 जून: आंघोळीच्या वेळी उजव्या गुडघ्यामागे गोचीड, तिळाएवढी, फुगलेली. चिमट्याने काढली.
25 जून: त्याच जागी लाल चट्टा, 6 सेंमी. खाज नाही.
28 जून: चट्टा 11 सेंमी. ताप 100.4, मान आखडलेली.
30 जून: नागपूर.

एवढं वाचल्यावर कुठल्याही डॉक्टरला अर्धं निदान झालेलं असतं. 'अमेरिकेत असताना काहीतरी चावलं होतं, मग अंगावर उठलं, आता बरं वाटत नाही' यातून काहीच हाती लागत नाही. गोचीड दिसली नसेल तर तेही लिहा. लाइम झालेल्या कितीतरी लोकांना गोचीड दिसलेलीच नसते, कारण खसखशीएवढा तो जीव चावताना दुखवत नाही.

लाइमचा चट्टा चावल्यानंतर 3 ते 30 दिवसांत उठतो, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे विमानात बसताना अंगावर काही नव्हतं आणि इथे आल्यावर उठलं, हे सहज होऊ शकतं. तिथल्या पिल्लू गोचिड्यांचा भर मे ते जुलै. पूर्ण वाढलेल्या गोचिड्या पानगळीच्या दिवसांत पुन्हा दिसतात, म्हणजे दिवाळीला परतणाऱ्यांनीही सावध असावं.

चट्टा: मापा, आखा, फोटो काढा

पुस्तकात दाखवतात तसा निशाणाच्या पाटीसारखा, मध्ये लाल, भोवती फिकट आणि बाहेर पुन्हा लाल कडं, असा चट्टा प्रत्येकाला येत नाही. अनेकांचा चट्टा सरसकट एकाच रंगाचा असतो. गोऱ्या कातडीवर तो लाल दिसतो. आपल्या सावळ्या-काळ्या रंगावर तपकिरी, जांभळट, मुका मार लागून साकळल्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच नजरेतून सुटतो. फोटोंशी ताडून 'आपला तसा दिसत नाही' म्हणून सोडून देऊ नका.

खरी खूण आहे ती चट्ट्याच्या वाढण्याची. एटीएम कार्डाची अरुंद बाजू 5.4 सेंमी असते. कार्ड चट्ट्यावर धरा. 5 सेंमीहून मोठा असेल आणि दिवसागणिक पसरत असेल तर लाइमचा विचार करायचा. त्याच्या कडेवरून बॉलपेनने रेघ ओढा, बाजूला तारीख-वेळ लिहा, खिडकीच्या उजेडात कार्डासकट फोटो घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा. चट्टा रेघेच्या बाहेर गेला असेल तर ती मोलाची नोंद आहे. हाताला जागा किंचित गरम लागते. खाज आणि दुखणं सहसा नसतंच, असलं तरी थोडं.

चावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच उठलेला, रुपयाएवढा, खाजरा लाल फुगवटा म्हणजे चाव्याची नुसती ॲलर्जी. तो दोन दिवसांत ओसरतो. गजकर्णाशीही गल्लत होते. गजकर्णाच्या कडेला पापुद्रा आणि बारीक पुळ्या असतात, ते खाजतं, आणि आठवड्यांच्या हिशोबाने सावकाश पसरतं. लाइमच्या चट्ट्यावर पापुद्रा सहसा नसतो. गजकर्ण समजून मेडिकल स्टोअरमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोपडलं की चट्ट्याचं रूप बिघडतं आणि मग त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखणं अवघड जातं. दाखवेपर्यंत त्यावर काही लावू नका.

लाइम झालेल्यांपैकी साधारण 70 ते 80 टक्के लोकांना हा चट्टा येतो. बाकीच्यांना नुसता ताप, अंगदुखी, थकवा, डोकेदुखी.

काळी खपली: इथेच राहणाऱ्यांनी आधी ही शोधावी

परदेशी गेला नसाल आणि पावसाळ्यात किंवा तो सरता-सरता ताप आला असेल, तर लाइम बाजूला ठेवा आणि स्क्रब टायफस शोधा. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याने डोकं वर काढलं होतं. पोळा, तान्हा पोळा, मारबतीची मिरवणूक, आणि तिथून पुढे दिवाळीपर्यंत हा त्याचा हंगाम. 'घेऊन जा गे मारबत' म्हणून रोगराईला हाकलतो त्याच दिवसांत धुऱ्यावरचं गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, उंदीर-घुशी माजलेल्या असतात, आणि त्यांच्या अंगावरच्या माइटची (बारीक किड्याची) पिल्लं गवताच्या टोकाला येऊन बसतात. या पिल्लाला चिगर म्हणतात. आकार सुमारे 0.2 मिलिमीटर, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा. चावलेलं कळत नाही. सोयाबीनचं निंदण, संत्र्याच्या बागेतली कामं, गवत कापणं, गवतावर वाळत घातलेले कपडे, मुलांचं मैदानाच्या कडेच्या झुडपांतलं खेळणं, एवढ्यावर भागतं. शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर माजलेलं रानही पुरतं.

साधारण दहा दिवसांनी, म्हणजे 6 ते 21 दिवसांच्या दरम्यान कधीतरी, थंडी वाजून ताप भरतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं. आणि चाव्याच्या जागी एक खपली असते. सिगारेटचा चटका बसल्यासारखी, मध्ये काळी, भोवती लालसर कडं, सहसा अर्ध्या ते एक सेंटीमीटरची. दुखत नाही, खाजत नाही. म्हणून रुग्ण ती सांगत नाही आणि डॉक्टरने कपडे काढायला लावले नाहीत तर ती दिसत नाही.

शोधायची कशी? चिगर मऊ, घामट आणि कपड्याने दाबलेल्या जागी चावतो. कमरेभोवती परकराच्या नाडीच्या किंवा करगोट्याच्या रेषेवर बघा. बायकांनी स्तन उचलून त्याखालची घडी, ब्राच्या पट्ट्याखालची जागा. काखा, जांघा, पुरुषांनी अंडकोशाची मागची बाजू. बेंबी, गुडघ्याची मागची घडी, कानामागे, मानेवर केसांच्या कडेला, ढुंगणाच्या फटीपाशी. टॉर्च लागतोच. पाठीसाठी घरातलं दुसरं माणूस हवं. लाज वाटते, आणि खरी खपली नेमकी लाजेच्या जागीच दडलेली असते. ओलसर जागी खपली काळी राहत नाही, ती भिजून निघून जाते आणि पिवळट तळाची, कडा उचललेली छोटी जखम उरते. जवळची गाठ, म्हणजे जांघेतली किंवा काखेतली, बोटाने दाबून बघा. सुजून हुळहुळी झालेली गाठ खपली जवळच आहे असं सांगते.

खपली सगळ्यांना येत नाही. ती सापडली नाही म्हणून स्क्रब टायफस नाही असं ठरवू नका.

रक्ताच्या तपासण्या: कोणती, कधी, आणि तिच्यावर किती विसंबायचं

आधी स्क्रब टायफसचं बघू, कारण तिथे वेळ कमी असतो. ताप आलेल्या माणसाचा सीबीसी, मलेरिया, डेंग्यू, लिव्हर, किडनी हे सगळं होतंच, आणि व्हायचंच हवं. अडचण अशी की स्क्रब टायफसमध्येही प्लेटलेट उतरतात, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतले आकडे) चढतात, आणि चित्र हुबेहूब डेंग्यूसारखं दिसतं. फरक ओळखायला एक गोष्ट मदत करते. डेंग्यूचा ताप सहसा आठवड्याच्या आत उतरतो. सात दिवस उलटूनही ताप चढाच असेल तर स्क्रब टायफसचं नाव डॉक्टरांपुढे काढा. व्हायडाल तपासणीत थोडीशी वाढ दिसली म्हणून टायफॉइड ठरवून सेफिक्झिम किंवा सेफ्ट्रायक्झोन सुरू करणं ही इथली नेहमीची चूक आहे. ही औषधं स्क्रब टायफसच्या जंतूवर चालतच नाहीत, कारण तो पेशीच्या आत राहतो. पाच दिवस इंजेक्शनं चालू आहेत आणि ताप तसाच, हे चित्र दिसलं की तिथेच थांबून विचार करावा.

तपासणीचं नाव 'स्क्रब टायफस आयजीएम एलायझा'. एलायझा म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी, आणि आयजीएम म्हणजे आजारात आधी तयार होणारी अँटिबॉडी. आजाराच्या पहिल्या पाच-सात दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. वाइल-फेलिक्स ही जुनी तपासणी अजूनही बऱ्याच ठिकाणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इशारा समजा, निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही. एलायझाची प्लेट 96 खणांची असते, त्यामुळे बऱ्याच लॅब नमुने साठले की मगच ती लावतात. रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल ते रक्त देतानाच विचारा. पण औषध रिपोर्टसाठी थांबवायचं नसतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनाही शंका असेल तर उपचार सुरू करा असंच सांगतात.

लाइमचं गणित वेगळं. लाइमग्रस्त भागातून आलेल्या माणसाला पसरत जाणारा ठळक चट्टा असेल, तर रक्त तपासायची गरजच नसते. चट्टा हेच निदान. त्या दिवसांत अँटिबॉडी तपासणी निम्म्याहून जास्त रुग्णांत निगेटिव्ह येते, आणि ती निगेटिव्ह बघून औषध न देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

चट्टा नसेल किंवा कळत नसेल, तर दोन टप्प्यांची तपासणी. पहिली एलायझा. ती पॉझिटिव्ह किंवा काठावर आली तरच दुसरी, वेस्टर्न ब्लॉट, किंवा 2019 पासून अमेरिकेत मान्य झालेल्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्या प्रकारची एलायझा. एकट्या पहिल्या तपासणीवर निदान लिहायचं नसतं. वेस्टर्न ब्लॉटमध्ये आयजीएमच्या 3 पैकी 2 किंवा आयजीजीच्या (नंतर तयार होऊन टिकणाऱ्या अँटिबॉडीच्या) 10 पैकी 5 पट्ट्या दिसल्या तर ती पॉझिटिव्ह धरतात. लक्षणं सुरू होऊन महिना उलटल्यावर एकटं आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर ते मोजत नाहीत. पहिली तपासणी लवकर झाली असेल तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करा.

लॅबच्या काउंटरवर 'लाइमची टेस्ट' एवढंच सांगाल तर गोंधळ होईल. चिठ्ठीवर 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी अँटिबॉडी, आयजीजी व आयजीएम' असं लिहून घ्या. धंतोली-रामदासपेठेतल्या लॅबमध्ये रक्त दिलं तरी असा नमुना सहसा बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जातो. अमेरिकेतली राज्यं आणि युरोपातले देश यांत जिवाणूच्या जाती वेगळ्या आहेत, म्हणून कुठे राहून आलात ते चिठ्ठीवर असू द्या.

परदेशी गेलाच नसाल तर ही तपासणी का करू नये? समजा एखादी तपासणी शंभर निरोगी माणसांपैकी पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. जिथे लाइम जवळपास नाहीच तिथल्या हजार जणांची केली, तर पन्नास जण पॉझिटिव्ह निघतील आणि पन्नासच्या पन्नास खोटे असतील. त्यात सिफिलिस, लेप्टोस्पायरोसिस, ल्युपस, आमवात यांमुळेही लाइमची तपासणी फसते. असा एक खोटा कागद हातात आला की माणूस वर्षानुवर्षं भलत्याच आजारामागे धावतो आणि खरा संधिवात किंवा थायरॉइड तसाच राहून जातो.

तिथल्या गोचिडीतून लाइमसोबत दुसरे जंतूही येतात. बबेसिया हा त्यातला एक. तो तांबड्या पेशींत राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाच्या अंगठीसारख्या रूपाशी इतका मिळताजुळता दिसतो की नागपुरातला तंत्रज्ञ तो साहजिकच मलेरिया म्हणून वाचेल. अमेरिकेहून आलेल्या माणसाच्या स्लाइडवर 'फाल्सिपारम' (मलेरियाचा एक प्रकार) आलं आणि मलेरियाची रॅपिड टेस्ट मात्र निगेटिव्ह, तर स्लाइड पुन्हा बघायला सांगा आणि बबेसियाचं नाव घ्या.

चट्टा गेला, काही महिन्यांनी दुसरंच काही सुरू झालं

चट्टा औषधाशिवायही मावळतो. जिवाणू मात्र रक्तातून पुढे जाऊ शकतो. काही आठवड्यांनी तोंड वाकडं होणं, कधी दोन्ही बाजूंनी. छातीत धडधड, चक्कर, धाप, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा. काही महिन्यांनी एखादा गुडघा टम्म फुगणं, दुखणं त्या मानाने कमी. तोंड वाकडं झालं की 'लकवा' म्हणून लगेच स्टेरॉइड सुरू होतात, तेव्हा अमेरिकावारीची गोष्ट त्या क्षणी सांगायलाच हवी. चक्कर-धडधड असेल तर त्याच दिवशी ईसीजी. गुडघ्यातलं पाणी काढलं तर ते पीसीआरसाठी पाठवता येतं, तिथे ती तपासणी उपयोगी पडते. रक्तावरची पीसीआर लाइममध्ये फारशी कामाची नाही. एव्हाना आयजीजी ठळक पॉझिटिव्ह असायला हवं. महिनोन्‌महिने सांधे सुजलेले आणि आयजीजी निगेटिव्ह असेल, तर तो लाइम नाही.

औषध, आणि ते घेताना काय बिघडतं

मात्रा डॉक्टर ठरवतील, पण ढोबळ मापं माहीत असलेली बरी. लाइमच्या चट्ट्यासाठी प्रौढांना डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 10 दिवस. ते चालत नसेल तर अमॉक्सिसिलिन 500 मिलिग्रॅम तीनदा, 14 दिवस. सांधे धरले असतील तर 28 दिवस. स्क्रब टायफसला डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दोनदा, 7 दिवस. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन. गंभीर रुग्णांत ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्यापेक्षा चांगला गुण येतो, हे भारतातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. लहान मुलांना डॉक्सीसायक्लिन देऊच नये ही समजूत जुनी आहे. थोड्या दिवसांच्या कोर्सने दात पिवळे पडत नाहीत, आणि स्क्रब टायफसमध्ये ते नाकारणं जास्त धोक्याचं.

डॉक्सीची कॅप्सूल भरपूर पाण्यासोबत, बसून घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. रात्री झोपताना घोटभर पाण्याने गिळली तर ती अन्ननलिकेत चिकटते आणि छातीत असं जळतं की माणूस हार्ट ॲटॅक समजून धावतो. दूध, दही, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध यांच्यापासून दोन तास अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही. ते चालू असताना कातडी उन्हाला नाजूक होते. आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी बाहेर पडायचंच झालं तर पूर्ण बाह्या आणि दुपट्टा.

स्क्रब टायफसमध्ये औषध लागू पडलं की बहुतेकदा 48 तासांत ताप उतरतो. उतरला नाही तर निदान पुन्हा तपासायला हवं. लाइममध्ये मात्र पहिल्या 24 तासांत ताप आणि अंगदुखी थोडी वाढू शकते. जिवाणू मरताना होणारी ही प्रतिक्रिया आहे, औषधाची ॲलर्जी समजून कोर्स सोडू नका.

कुठे दाखवायचं

चट्टा असेल तर त्वचारोगतज्ज्ञ, ताप असेल तर फिजिशियन, मूल असेल तर बालरोगतज्ज्ञ. शासकीय रुग्णालयात जायचं तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स. सकाळच्या ओपीडीला जा, तारखांचा कागद, फोटो, गोचिडीची डबी आणि परदेशातले कागद सोबत न्या. धाप, लघवी कमी होणं, डोळे पिवळे, झापड किंवा असंबद्ध बोलणं, झटके, रक्तस्राव यांतलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघायची नाही. 108 ला फोन करा आणि तिथे पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: ताप किती दिवसांचा, आणि खपली कुठे सापडली.

लाइमचे उपचार झाल्यावर अँटिबॉडी तपासणी पुन्हा करून 'गेला का' ते बघू नका. आयजीजी बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं. काही जणांना पुढे काही महिने थकवा, अंगदुखी उरते, ती हळूहळू कमी होते, आणि लांबलचक अँटिबायोटिकने त्यात फरक पडत नाही हे अभ्यासांत दिसलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुलाकडे गेलात तर लाइम पुन्हा होऊ शकतो. अंगणातून आत आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ करा, गुडघ्यामागे, काखेत, केसांत बोटं फिरवून बघा, आणि कपडे ड्रायरमध्ये चांगल्या गरम हवेवर दहा मिनिटं फिरवून घ्या.